पंचेचाळीस दिवसांचा प्रश्न

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मरोळ, साकीनाका, घाटकोपर, मुलुंड इथल्या छोट्या-मध्यम कारखान्यांच्या अकाउंट्स विभागात एकच प्रश्न फिरत असतो: एकतीस तारखेच्या आत कुणाचे पैसे चुकते करायलाच हवेत? प्रश्न जुना आहे, पण २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला धार आणली. प्राप्तिकर कायद्याच्या ४३-ब कलमात तेव्हा एक पोटकलम वाढवलं गेलं आणि कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून ते लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, पैसे देण्याची मुदत उलटली आणि वर्षअखेरीला बिल थकलेलंच असलं, तर ती रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले जातील, त्या वर्षी ती वजा होते. मुदत किती? लेखी करार असेल तर करारातली, पण पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त नाही. करार नसेल तर पंधरा दिवस.

कुणाचे पैसे थकले आहेत याचं उत्तर एके काळी खतावणीत सापडायचं. रोजचे व्यवहार कीर्दीत उतरवायचे, तिथून प्रत्येक पुरवठादाराच्या पानावर खतवायचे आणि मार्चमध्ये ती पानं उलटत, बाकीच्या रकान्यावरून बोट फिरवत यादी काढायची. आता अनेकांची खतावणी क्लाउडवर असते, म्हणजे कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्लाउड केंद्रं सुरू केली, तेव्हापासून हा सर्व्हर याच महानगरात असू शकतो. पण पानं उलटायची सोय संपली. प्रश्न कोडमधून विचारावा लागतो. हिशेबनिसाच्या तोंडचं वाक्य डेटाबेसपर्यंत कसं पोहोचतं आणि वाटेत त्याचं काय काय होतं, ते या प्रकरणात पाहू.

आधी डेटाबेसची बाजू. जून १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेतले गणितज्ञ एडगर कॉड यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माहिती तक्त्यांमध्ये ठेवा, तक्त्यांचं एकमेकांशी नातं त्यांतल्या मूल्यांवरूनच जुळू द्या आणि ती यंत्रात प्रत्यक्ष कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्यावर टाकू नका, हे त्यातलं सांगणं. चार वर्षांनी त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तिचंच पुढे एसक्यूएल झालं. पन्नास वर्षांनंतरही जगातला बहुतेक व्यापारी हिशेब याच पायावर उभा आहे, आणि संगणकाच्या क्षेत्रात इतकं टिकलेलं फार थोडं आहे.

अडचण दुसऱ्या बाजूला आहे. खरेदीचं बिल हातात घेतलं की ती एकच वस्तू असते. वर पुरवठादार, मध्ये मालाच्या ओळी, खाली कर आणि एकूण रक्कम. पायथॉनसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाराही बिलाला एकसंध वस्तूच समजतो, त्यालाच ऑब्जेक्ट म्हणतात. डेटाबेसमध्ये मात्र त्याच बिलाचे तुकडे होतात. डोकं एका तक्त्यात, मालाच्या ओळी दुसऱ्यात, कर तिसऱ्यात, पुरवठादाराचा पत्ता आणखी कुठे. दर वेळी तुकडे जोडायचे, काम झालं की पुन्हा वेगळे करून जागच्या जागी ठेवायचे, हे हाताने करणं कंटाळवाणं तर आहेच, शिवाय चुकांना आमंत्रण देणारं आहे. हे काम परस्पर करणाऱ्या सॉफ्टवेअरला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर म्हणतात. प्रोग्रॅमर मंडळी नुसतं ओआरएम म्हणतात.

त्याचा इतिहास थोडक्यात. जावा भाषेसाठी गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये हायबरनेट सुरू केलं. २००२ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या पुस्तकाने या क्षेत्रातल्या रूढ पद्धतींना नावं दिली. २००४ मध्ये रूबी ऑन रेल्स आलं, २००५ मध्ये जँगो लोकांसमोर आलं आणि २००६ मध्ये माइक बेयर यांचं एसक्यूएल-अल्केमी. ही सगळी नावं आजही कामात आहेत. पण आपल्याला जी गोष्ट पाहायची आहे, ती मध्य रेल्वेवर घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मधल्या स्टेशनाजवळची आहे.

विद्याविहार पश्चिमेला नीलकंठ बिझनेस पार्क नावाची इमारत आहे. फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीचा पत्ता तिथला. ऋषभ मेहता यांनी २००८ मध्ये ती सुरू केली, तेव्हा तिचं नाव वेब नोट्स होतं. मूळ गरज घरच्याच फर्निचरच्या व्यवसायातली होती: माल, ऑर्डरी, हिशेब हे सगळं एका जागी ठेवणारं, लहान उद्योगाला परवडणारं सॉफ्टवेअर. त्यातून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं आणि ते ज्यावर उभं आहे तो पाया, म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क. दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे, कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा. फ्रेमवर्क पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असून त्याच्या तळाशी सहसा मारियाडीबी हा डेटाबेस असतो. जगभरच्या कंपन्या ते वापरतात, आणि ओआरएम कसं काम करतं हे समजून घ्यायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही. कारण ते प्रोग्रॅमरच्या सोयीपेक्षा धंद्याच्या कागदापासून सुरू होतं.

फ्रॅपेमध्ये प्रत्येक कागदाला एक डॉकटाइप असतो. पुरवठादार हा डॉकटाइप, खरेदीचं बिल हा डॉकटाइप, मालाची पोच हाही डॉकटाइप. त्यात कोणते रकाने असावेत, कुठला रकाना दुसऱ्या कुठल्या कागदाकडे बोट दाखवतो, कुणाला तो बघता येईल, हे सगळं पडद्यावरच ठरवता येतं. ही व्याख्या जतन केली की फ्रेमवर्क स्वतःहून डेटाबेसमध्ये तक्ता तयार करतं आणि त्याच्या नावामागे ‘टॅब’ ही अक्षरं लावतं. मालाच्या ओळींचा वेगळा तक्ता होतो. त्यातल्या प्रत्येक ओळीत आपला पालक कोण, पालक कोणत्या प्रकारचा कागद आहे आणि आपण कितव्या क्रमांकावर आहोत, एवढं नोंदलेलं असतं. यातला विलक्षण भाग असा की डॉकटाइप हाही स्वतः एक डॉकटाइप आहे: कागदांच्या व्याख्याही त्याच पद्धतीच्या तक्त्यात राहतात, आणि त्यांनाही तसेच प्रश्न विचारता येतात.

आता आपला प्रश्न. फ्रॅपेला तो विचारायला साधारण तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणता कागद, कोणत्या अटी, कोणते रकाने. कागद खरेदीचं बिल. अटी अशा की देणं बाकी शून्यापेक्षा जास्त असावं आणि तारीख आजपासून पंचेचाळीस दिवसांआधीची असावी. रकाने बिल क्रमांक, पुरवठादार, तारीख आणि बाकी. या तीन गोष्टी ‘गेट-लिस्ट’ नावाच्या फंक्शनला दिल्या की एसक्यूएलचं वाक्य तेच रचतं, डेटाबेसकडे पाठवतं आणि आलेल्या ओळी पायथॉनला समजतील अशा करून हातात देतं. हिशेब जाणणाऱ्या माणसाला, त्याने प्रोग्रॅमिंग कधी शिकलं नसलं तरी, ही ओळ शेजारी बसून समजावता येते. ओआरएमचं मोठं देणं मी हेच मानतो. कोड आणि धंदा यांची शब्दसंपत्ती एक होते.

आणखी एक फायदा पडद्यामागे मिळतो. अटींमधली मूल्यं जशीच्या तशी वाक्यात चिकटवली जात नाहीत, ती वेगळी पाठवली जातात किंवा आधी निर्धोक करून घेतली जातात. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतल्या डिसोझा आडनावाच्या पुरवठादाराचं नाव रोमन लिपीत लिहिलं की ‘डी’नंतर एक अवतरणचिन्ह येतं. एसक्यूएलमध्ये त्या चिन्हाचा अर्थ ‘मजकूर इथे संपला’ असा होतो. हाताने अक्षरं जोडून वाक्य बनवणाऱ्याचा प्रोग्रॅम या नावापाशी मोडतो. याच फटीतून कुणी नावाच्या रकान्यात हेतुपुरस्सर आज्ञा लिहून पाठवली तर डेटाबेस ती पाळायला लागतो. मूल्यं अशी हाताळली की दोन्ही संकटं टळतात.

वरच्या प्रश्नाचं उत्तर एका क्षणात येईल. ते चुकीचं असेल.

पहिली चूक कागदाच्या अवस्थेची. फ्रॅपेमध्ये कच्च्या कागदाची खूण शून्य, पक्क्या झालेल्याची एक आणि रद्द केलेल्याची दोन. ती अट घातली नाही तर कुणीतरी अर्धवट भरून ठेवलेली कच्ची बिलंही यादीत शिरतात, आणि त्यांचीही बाकी दिसते. दुसरी चूक पुरवठादाराची. कायदा फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांबद्दल बोलतो, त्यामुळे पुरवठादाराच्या नोंदीत तसा रकाना वाढवून आधी पात्र पुरवठादारांची यादी मागवावी लागते आणि मग त्या यादीतल्यांचीच बिलं. ‘उद्यम नोंदणी क्रमांक आहे का’ एवढंच पाहून भागत नाही. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची ही उद्यम नोंदणी सुरू झाली, आणि जुलै २०२१ मध्ये घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती खुली झाली, पण केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. घाटकोपरच्या हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे उद्यम क्रमांक असेल आणि तरीही थकलेल्या बिलांचा हा नियम त्याच्या बिलाला लागणार नाही. साकीनाक्याला पत्रा कापून-वाकवून देणाऱ्या कारखानदाराला मात्र लागेल. दोघांच्या नोंदीतला फरक कुणी टिपून ठेवला नसेल, तर जगातलं कोणतंही ओआरएम तो शोधून देऊ शकत नाही.

तिसरी चूक सगळ्यात बारीक आहे आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पंचेचाळीस दिवस कोणत्या तारखेपासून? खरेदीच्या बिलात नोंदीची तारीख असते, पुरवठादाराने छापलेली बिलाची तारीख असते आणि पैसे देय होण्याची तारीख असते. कायदा यांतल्या कशाचंच नाव घेत नाही. तो माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतो, आणि हरकत घेतली नसेल तर तो दिवस म्हणजे माल प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस. तो दिवस बिलाच्या कागदावर नाही, मालाच्या पोचेच्या कागदावर आहे. म्हणजे प्रश्नाला बिलाकडून त्याच्या ओळींकडे आणि ओळींकडून त्या त्या पोचेकडे जावं लागतं. एकाच बिलातला माल दोन खेपांत आला असेल तर तारखाही दोन. ‘तारीख’ नावाचा रकाना हाताशी असतो, सोयीचा असतो आणि ओआरएममुळे तो वापरणं आणखी सोपं झालेलं असतं. म्हणूनच हिशेबनिसाला शेजारी बसवल्याशिवाय ही ओळ लिहू नये. तिचं व्याकरण प्रोग्रॅमर बघेल, पण ती कशाची तारीख आहे हे हिशेबनिसालाच माहीत असतं.

आता वेगाकडे येऊ. पाचशे बिलांची यादी आली आणि प्रत्येक बिलाच्या ओळी बघायच्या आहेत. नवखा प्रोग्रॅमर यादीवरून एकेक क्रमांक घेतो आणि ‘गेट-डॉक’ म्हणत ते बिल पूर्ण मागवतो. वाचायला हे फार सुबक दिसतं. पण पूर्ण बिल म्हणजे डोकं, मालाच्या ओळी, कर, आगाऊ दिलेल्या रकमा, हप्त्यांचं वेळापत्रक आणि असे आणखी काही उपतक्ते. प्रत्येकासाठी डेटाबेसला वेगळा प्रश्न जातो. एका बिलामागे दहा प्रश्न धरले तर पाचशे बिलांमागे पाच हजार. कोड लिहिणाऱ्याला त्यातला एकही दिसत नाही, कारण त्याने लिहिलेली ओळ एकच आहे. या दुखण्याला प्रोग्रॅमर ‘एन प्लस वन’ म्हणतात: यादीसाठी एक प्रश्न आणि यादीतल्या प्रत्येकासाठी पुन्हा एकेक. चर्चगेटच्या कार्यालयातून पाचशे फायली बोरिवलीला न्यायच्या आहेत आणि माणूस दर फेरीला एकच फाइल घेऊन लोकल पकडतो आहे, अशातला हा प्रकार. उपाय एकच: हव्या त्या पाचशे क्रमांकांची यादी देऊन त्यांच्या सगळ्या ओळी एका प्रश्नात मागायच्या आणि जोडणी आपल्याकडे करायची. जँगोमध्ये यासाठी ‘प्रीफेच-रिलेटेड’ आहे, एसक्यूएल-अल्केमीत ‘सिलेक्ट-इन’ पद्धत आहे. फ्रॅपेमध्ये उपतक्त्याला थेट प्रश्न विचारून पालकाच्या रकान्यावर अट घालता येते.

प्रोग्रॅम आणि डेटाबेस शेजारी-शेजारी असतील तर एका प्रश्नाला सुमारे एक मिलिसेकंद लागतो असं धरू. पाच हजार प्रश्नांचे पाच सेकंद झाले. त्रास होतो, पण कुणी ओरडत नाही, आणि म्हणूनच चूक वर्षानुवर्षं राहते. तोच प्रोग्रॅम अंधेरीच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर आणि हिशेब अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर गोष्ट बदलते. मुंबई ते व्हर्जिनिया अंतर सरळ धरलं तरी सुमारे १३,००० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद निसर्गाचेच झाले. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्री केबली सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत उपकरणं आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा २०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. बाहेरून एपीआयमार्फत, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागायच्या ठरलेल्या दारातून, एकेक बिल मागवलं, तर पाचशे विनंत्यांचे शंभर सेकंद निव्वळ प्रवासात जातात. सर्व्हर मुंबईत आणला की हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. प्रश्न एकत्र विचारला तर सर्व्हर कुठेही असला तरी नाहीसा होतो. मी नेहमी दुसरा उपाय आधी करायला सांगेन, कारण तो फुकट आहे.

फ्रॅपेच्या एपीआयने याबाबतीत घातलेली एक मर्यादा नवख्यांना गोंधळात पाडते. बाहेरून यादी मागितली आणि काहीच सांगितलं नाही, तर ते फक्त वीस नोंदी देतं, आणि प्रत्येकीचं केवळ नाव. बाकीचं हवं तर रकाने सांगा, पुढच्या नोंदी हव्या तर तसं सांगा. मला ही शिस्त योग्य वाटते. क्लाउडवरच्या हिशेबाला ‘सगळं दे’ असा प्रश्न विचारायची सवयच लागू नये. धोका एवढाच की वीस नोंदी म्हणजेच सगळ्या नोंदी असं समजून कुणी बेरीज करतो, आणि ती बेरीज दिसायला अगदी बरोबर असते.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवायला हवा. फ्रॅपेमध्ये ‘गेट-लिस्ट’ आणि ‘गेट-ऑल’ अशी दोन सारखी दिसणारी फंक्शनं आहेत. पहिलं, प्रश्न विचारणाऱ्याला काय बघायची परवानगी आहे ते तपासतं. मुलुंडच्या शाखेतल्या कारकुनाला फक्त मुलुंडचे व्यवहार दिसावेत असं ठरवलेलं असेल, तर त्याला तेवढेच मिळतात. दुसरं फंक्शन परवानगी बघतच नाही, सगळं देतं. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांना, जिथे कोणी माणूस समोर नाही, तिथे ते लागतंच. पण एखाद्या पडद्यामागे चुकून ‘गेट-ऑल’ लिहिलं गेलं, तर शाखेतल्या माणसाला साऱ्या कंपनीचे दर, सवलती, पगाराच्या नोंदीसुद्धा दिसू शकतात, आणि कुठेही एररचा संदेश येत नाही. कोड तपासायला बसणाऱ्याने हा शब्द दिसला की थांबावं आणि ‘इथे हे का?’ असं विचारावं.

काही प्रश्न ओआरएमच्या आवाक्याबाहेरही जातात. पुरवठादारवार बाकी, तीस-पंचेचाळीस-नव्वद दिवसांच्या गटांत विभागून, परत केलेला माल वजा करून आणि मागच्या वर्षाशी ताडून हवी असेल, तर ते काम डेटाबेसमध्येच बेरजा करून होतं. हजारो बिलं पायथॉनमध्ये ओढून आणून तिथे बेरीज करणं म्हणजे नसता भार. फ्रॅपेत अशा वेळी क्वेरी बिल्डर आहे. त्यात तक्ते जोडता येतात, गट करता येतात, आणि तरीही मूल्यं वेगळीच पाठवली जातात. त्यानेही भागलं नाही तर थेट एसक्यूएल लिहायचं. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट, ज्याला एसक्यूएल वाचता येतं त्यालाच ओआरएमने आपल्यामागे काय लिहिलं ते तपासता येतं, आणि शिकणाऱ्यांनी आधी कॉडच्या तक्त्यांशी ओळख करून घ्यावी आणि मग या सोयीकडे वळावं, असं माझं ठाम मत आहे.

विचारण्याकडून लिहिण्याकडे वळलं की सावधगिरी आणखी वाढवावी लागते. बिल मागवायचं, त्यातला रकाना बदलायचा आणि ‘सेव्ह’ म्हणायचं, ही एक वाट. या वाटेवर सगळ्या तपासण्या होतात, आणि त्या कागदाला बदलांची नोंद ठेवायला सांगितलेली असेल तर कुणी, केव्हा, काय बदललं हेही राहतं. दुसरी वाट जवळची. ‘सेट-व्हॅल्यू’ म्हणून डेटाबेसमधला आकडा परस्पर बदलायचा. ती वेगवान आहे, पण तपासण्या होत नाहीत आणि माग उरत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा, त्यात केलेल्या प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहणं आणि तो बंद करता न येणं बंधनकारक आहे. हिशेबाच्या वह्या क्लाउडवर असतील तर त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज घ्यावा, असाही नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आला. आणि असा माग वर्षभर चालू होता का, त्यात कुणी फेरफार केला का, हे लेखापरीक्षकाला आता आपल्या अहवालात लिहावं लागतं.